मॅटर बाहेर पाठवताना कोणतं सेटिंग सोबत जातं? नव्या ऑपरेटरसाठी

लातूरच्या ट्यूशन एरियात दर जूनला एक देखावा ठरलेला असतो. अहमदपूर, कंधार, परळी, सेलू, कुठून कुठून आलेली लेकरं रूम बदलत असतात. गादीची वळकटी, कुकर, पुस्तकांची खोकी, टेबल फॅन, सगळं ॲपेत चढतं. भिंतीतला खिळा, दाराआडची खुंटी आणि खिडकीला चिकटवलेला पुठ्ठा मात्र घरमालकाकडंच राहतो. नव्या रूमवर शर्ट अडकवायला हात वर जातो तेव्हा कळतं, खुंटी तर मागंच राहिली.

माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान याच भागात आहे. "सर, घरी बरोबर दिसत होतं हो, इथं उघडलं की सगळं सरकलं" हे वाक्य रोज कुणी ना कुणी ऐकवतंच. कधी प्रश्नपत्रिका घेऊन आलेले मास्तर, कधी प्रबंध घेऊन आलेली ताई, कधी ठरावाची नक्कल घेऊन आलेले ग्रामसेवक. कामाला नवीन लागलेला पोरगा अशा वेळी पेन ड्राइव्हला नाहीतर कॉम्प्युटरला शिव्या घालतो. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. खुंटी घरी राहिलेली असते, एवढंच.

पुढचं सगळं वर्ड आणि लिब्रेऑफिस धरून लिहिलं आहे, कारण आपल्याकडच्या दुकानांत, शाळांत आणि सेवा केंद्रांत हीच दोन चालतात.

पायरी १ : सेटिंग राहतं कुठं ते ओळखा

काही सेटिंगं मशीनवरच्या प्रोग्रामची असतात. स्क्रीन काळी केली की पांढरी, वरची पट्टी दाखवली की लपवली, चुकीच्या शब्दाखालची लाल नागमोडी रेघ, ऑटोकरेक्टमध्ये भरून ठेवलेले शब्द, स्वतःच्या शब्दकोशात टाकलेली गावांची आणि आडनावांची नावं. हे सगळं भिंतीतल्या खिळ्यांसारखं. फाइल दुसरीकडं गेली की यातलं काहीच तिच्यासोबत जात नाही. कीबोर्डही त्यातलाच. तुम्ही इनस्क्रिप्टनं टाइप करा नाहीतर फोनेटिकनं, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, "क" हा "क"च साठवला जातो. कोणत्या बोटानं आला हे फाइलला ठाऊक नसतं. नवीन पोरं याचीच सगळ्यात जास्त धास्ती घेतात आणि धास्ती घ्यायचं कारण इथं सगळ्यात कमी आहे.

काही सेटिंगं फाइलच्या पोटात राहतात. कागदाचा आकार, समास, स्टाइल (शीर्षक, परिच्छेद यांचं नाव देऊन साठवलेलं रूप), पान क्रमांक, शीर्षपट्टी, टेबलं, मजकुराची भाषा, कुणी केलेल्या दुरुस्त्या आणि शेरे. ही गादी आणि कुकर. फाइल जिथं जाईल तिथं जातात, आणि काही वेळा नको असतानाही जातात.

तिसरी जागा म्हणजे एक्सपोर्ट करताना उघडणारी खिडकी. फोटो किती दाबायचे, कोणती पानं घ्यायची, शेरे दाखवायचे का, हे तिथं त्या क्षणी ठरतं.

ओळखायची ढोबळ खूण अशी: ऑप्शन्समध्ये जाऊन बदललेली गोष्ट बहुधा मशीनची, लेआउट किंवा डिझाइनच्या पट्टीवरून बदललेली बहुधा फाइलची. अपवाद आहेत. वर्डच्या ऑप्शन्समध्ये काही गटांच्या मथळ्याशेजारी चालू फाइलचं नाव लिहिलेलं दिसतं. त्या गटातलं सेटिंग ऑप्शन्समध्ये असूनही त्या फाइलपुरतं असतं.

पानाचा रंग हा मधलाच प्रकार. डोळ्यांना त्रास नको म्हणून कुणी पानाला फिकट पिवळा रंग देतं. रंग फाइलमध्ये साठतो, म्हणून दुसऱ्या मशीनवर उघडली की पान पिवळंच दिसतं. पण वर्डमध्ये तो कागदावर उतरेल की नाही हे मशीनवरच्या डिस्प्ले गटातल्या "प्रिंट बॅकग्राउंड कलर्स अँड इमेजेस" या खुणेवर ठरतं. म्हणजे अर्धं सामान ॲपेत, अर्धं भिंतीवर. डोळ्यांसाठी रंग हवा असेल तर डार्क मोड वापरा, फाइलला रंगवू नका.

पायरी २ : अक्षर खरं आहे का ते बघा

ही पायरी मी मुद्दाम दुसरी ठेवली आहे. इथं चूक झाली तर पुढचं सगळं वाया.

आपल्याकडं अजून कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएमचं सुरेख अशा जुन्या फॉन्टांतल्या फाइली ढिगानं येतात. जुन्या सोसायट्यांचे अहवाल, शाळांची दाखला-पुस्तकं, लग्नपत्रिकांचे नमुने. या फॉन्टांची करामत अशी, की फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. कृतिदेवमध्ये तुम्ही "मराठी" टाइप केलं, तर फाइलमध्ये साठतात इंग्रजीतले ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर मुखवटा गळतो आणि मागचं इंग्रजी बाहेर पडतं. गिऱ्हाईक म्हणतं, "सर, मराठी दिसंना झालंय बघा." मराठी त्यात कधी नव्हतंच.

युनिकोडमध्ये तसं नाही. तिथं देवनागरीला स्वतःचा पत्ता आहे, ०९०० ते ०९७एफ. फॉन्ट बदलला तर अक्षराचं वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही.

तपासायची रीत सोपी आहे. एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसली तर युनिकोड. इंग्रजी खिचडी दिसली तर जुना फॉन्ट. खिचडी असेल तर आधी कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या आणि मग डोळ्यांनी ओळ न ओळ वाचा. कन्व्हर्टर हा सर्वात जास्त ठेच खातो ती रफार, पहिली वेलांटी आणि "ऱ्य-ऱ्ह" इथं.

"ऱ्य"ची गोष्ट थोडी वेगळी सांगायला हवी. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला "ऱ" आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह. दुसऱ्या तऱ्हेत ते अदृश्य चिन्ह एखाद्या रूपांतरात गळालं की "दऱ्या"चा "दर्या" होतो. बालाघाटच्या डोंगरातल्या दऱ्यांवरच्या लेखात समुद्र शिरतो आणि स्पेलचेकला पत्ताही लागत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर. म्हणून मी दुकानात नियम केला आहे: "ऱ्य" आणि "ऱ्ह" असलेले शब्द शेवटी शोधून एकदा डोळ्यांखालून घालायचे. शोधतानाही दोन्ही तऱ्हा शोधायच्या. एकीनं शोधलं तर दुसरी सापडेलच असं नाही.

आमच्याकडं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे आणि संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे प्रबंध येतात. त्या ताई-दादांना मी हात जोडून सांगतो, पहिल्या प्रकरणापासून युनिकोडमध्ये बसा. शोधगंगेसारख्या भांडारात जुन्या फॉन्टातला प्रबंध चढला तर पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण त्यात "दुष्काळ" हा शब्द शोधला तर तो सापडतच नाही, हाती नुसता दुष्काळ लागतो.

पायरी ३ : फॉन्ट सोबत द्या

वर्डची फाइल फॉन्टचं फक्त नाव घेऊन जाते, फॉन्ट नाही. समोरच्या मशीनवर त्या नावाचा फॉन्ट नसला की ते मशीन स्वतःच्या मनानं दुसरा लावतं. नव्या फॉन्टची अक्षरं थोडी रुंद, ओळी थोड्या उंच. एका पानावर दोन ओळी वाढल्या की साठ पानांत अनुक्रमणिका खोटी ठरते. "सगळं सरकलं" म्हणतात ते हे.

सध्या हे सगळ्यात जास्त मोबाइलवरून होतं. पोरं गूगल डॉक्समध्ये मुक्ता, बलू किंवा तिरो देवनागरी मराठी असा छान फॉन्ट निवडून टाइप करतात, वर्डची डॉक्स (.docx) फाइल उतरवतात आणि दुकानात येतात. दुकानातल्या मशीनवर तो फॉन्ट नसतो. हे तिन्ही फॉन्ट फुकट मिळतात, म्हणून मी ते टाकूनच ठेवले आहेत. तुम्हीही टाका. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि रोजची कटकट वाचते.

गूगल डॉक्समधून मॅटर आलं असेल तर पानांविना मांडणी चालू आहे का तेही विचारा. तिच्यात शीर्षपट्टी आणि पान क्रमांक दिसत नाहीत, आणि पोरगं म्हणतं मी टाकले होते. उतरवण्याआधी पानांची मांडणी चालू करायला सांगा.

फाइल बदलता येईल अशीच पाठवायची असेल तर फॉन्ट तिच्यात भरता येतो. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, आणि तिथं "एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल". लिब्रेऑफिसमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट. फाइल जड होते. ज्या फॉन्टच्या परवान्यात भरायला बंदी आहे तो मात्र भरला जात नाही. पीडीएफ करताना हा उद्योग बहुधा वेगळा करावा लागत नाही. वापरलेली अक्षरं पीडीएफमध्ये आपोआप जातात.

आता एक खोच, जी मला स्वतःला कळायला दोन वर्षं लागली. या प्रोग्रामांत एका अक्षराला एक फॉन्ट नसतो. रोमन लिपीचा वेगळा आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा असतो. वर्डच्या फॉन्ट खिडकीत "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स" नावाचा कप्पा असतो. लिब्रेऑफिसमध्ये त्याला सीटीएल म्हणतात. आकार आणि ठळकपणाही त्या कप्प्यात वेगळा. नवीन ऑपरेटर स्टाइलमध्ये जाऊन वरच्या कप्प्यात १६ आकार देतो, मराठी शीर्षक आहे तेवढंच राहतं. मग तो वैतागून प्रत्येक शीर्षक हातानं निवडून मोठं करतो. पुढं ती स्टाइल दुसऱ्या फाइलमध्ये गेली की हातानं केलेलं मागं राहतं. मराठी मॅटर असेल तर स्टाइल बदलताना खालचा कप्पा भरा. दोन्ही भरले तर उत्तम, कारण आपल्या मॅटरात इंग्रजी आकडे आणि नावं येतातच.

मजकुराची भाषाही सोबत जाते, तीही लावा. काही जण म्हणतात, लाल रेघा येतात म्हणून भाषा बंदच करून टाकतो. तसं करू नका. मराठीचा पाकळीचा "ल" आणि देठाचा "श" हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही हीच वळणं दिली आहेत. दोन्ही वळणांचा युनिकोडमधला पत्ता मात्र एकच. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टात दोन्ही रूपं भरलेली असतात आणि मजकुरावर मराठीची खूण असेल तर लिब्रेऑफिस मराठी रूप उचलतं. वेबपानासाठी एचटीएमएल केलं तरी तेच. भाषेच्या जागी हिंदी राहिलं तर तिकडं हिंदी "ल" दिसेल, आणि मग फॉन्ट वाईट म्हणून त्याच्या नावानं बोंब.

पायरी ४ : कागद

लेआउटमध्ये जाऊन ए-फोर आहे का बघा. मशीनवर विंडोज टाकताना देश अमेरिका राहिला असेल तर नवी फाइल लेटर आकाराची निघू शकते. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे सुमारे २१६ बाय २७९. लेटर अंगानं रुंद आणि उंचीनं बुटका. हा आकार फाइलमध्ये साठतो आणि पीडीएफमध्ये जसाच्या तसा जातो. कोर्टाच्या कामाला लीगल कागद लागेल म्हणून सांगितलं असेल तर आधी कागद बदला आणि नंतर मॅटर लावा, उलट नको.

पीडीएफमधला आकार बरोबर असूनही छापताना बिघडतो तो असा. प्रिंटच्या खिडकीत "फिट" आणि "ॲक्च्युअल साइज" अशा दोन खुणा असतात. त्या पीडीएफच्या नसतात, छापणाऱ्या मशीनच्या असतात. मी एकदा एका क्लासच्या सराव परीक्षेसाठी ओएमआर उत्तरपत्रिका बनवल्या. पीडीएफ अचूक होती. छापताना "फिट" राहिलं, गोळे जरासे आकसले आणि क्लासच्या स्कॅनरनं गठ्ठाच्या गठ्ठा नाकारला. पुन्हा छापून द्यावं लागलं, कागद माझा. तेव्हापासून मोजमापाची वस्तू छापताना पहिल्या पानावर पट्टी ठेवून मोजतो.

पायरी ५ : स्टाइलवर बसा

हातानं शीर्षक ठळक आणि मोठं करणं आणि त्याला हेडिंग १ ही स्टाइल देणं, कागदावर दोन्ही सारखं दिसतं. पाठवताना फरक पडतो. हेडिंग स्टाइल असेल तर पीडीएफमध्ये बाजूला उघडणारी प्रकरणांची यादी तयार होते, अनुक्रमणिका आपोआप बनते, एचटीएमएलमध्ये शीर्षक शीर्षक म्हणून ओळखलं जातं. हातानं ठळक केलेली ओळ तिकडं फक्त जाड ओळ असते.

स्टाइलची एक सवय मात्र ध्यानात ठेवा. तिच्यात पाहुण्यापेक्षा यजमानाचं चालतं. समजा, १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासाठी शाळेची स्मरणिका लावताय. आठ जणांचे आठ लेख आलेत, प्रत्येकानं हेडिंग १ वापरलंय, कुणाचं लाल, कुणाचं निळं. तुम्ही ते एका मुख्य फाइलमध्ये चिकटवता. नावं सारखी असल्यानं वर्ड सहसा मुख्य फाइलमधली व्याख्या धरतो आणि आठही शीर्षकं एकसारखी होतात. हे आपल्या फायद्याचं आहे. मुख्य फाइल नीट बांधली की पाहुण्यांचे रंग आपोआप उतरतात. पण लेखकांनी हातानं दिलेले रंग उतरत नाहीत. ते निवडून, कंट्रोल आणि स्पेस दाबून काढायचे, आणि काढण्याआधी तिरपे शब्द कुठं होते ते टिपून ठेवायचं, कारण तेही जातात.

ओळींतलं अंतर "एक्झॅक्टली" ठेवू नका. इंग्रजीला चालतं. मराठीत वर रफार-मात्रा, खाली उकार. घरी एका फॉन्टात जेमतेम बसलेलं, दुसऱ्या फॉन्टात गेलं की वेलांट्यांची डोकी कापली जातात.

प्रश्नपत्रिकावाल्यांसाठी आणखी एक. गणिताच्या जुन्या फाइलींमध्ये इक्वेशन एडिटर ३.० मधली समीकरणं असतात. मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेच्या कारणावरून जानेवारी २०१८ मध्ये तो एडिटरच काढून टाकला. समीकरण दिसतं, छापतं, पीडीएफमध्येही जातं, पण बदलायला गेलं की उघडत नाही. अशी फाइल हाती आली तर भाव सांगण्याआधी एका समीकरणावर दोनदा क्लिक करून बघा.

पायरी ६ : एक्सपोर्टची खिडकी वाचा

पीडीएफ करायच्या आधी सगळं निवडून एफ-नऊ दाबा, म्हणजे वर्डमधली अनुक्रमणिका ताजी होते. ती आपणहून बदलेल या भरवशावर राहू नका.

मग सेव्ह ॲजमध्ये पीडीएफ निवडून ऑप्शन्स उघडा. "डॉक्युमेंट" आणि "डॉक्युमेंट शोइंग मार्कअप" यांतलं पहिलं निवडा, नाहीतर मार्गदर्शकांचे लाल शेरे विद्यापीठात पोचतील. हेडिंगवरून बुकमार्क, म्हणजे बाजूची प्रकरणयादी, बनवायची खूण करा. फोटो असतील तर "मिनिमम साइज" टाळा. पोर्टलनं फाइलच्या आकाराची मर्यादा घातली असेल तेव्हाच तिच्याकडं वळा.

दुरुस्त्यांबद्दल नवीन मंडळी एक ठरलेली चूक करतात. दुरुस्त्या लपवल्या की गेल्या असं त्यांना वाटतं. लपवणं हे दाखवण्याचं सेटिंग आहे. दुरुस्त्या फाइलमध्येच असतात आणि डॉक्स पाठवली की समोरचा एका क्लिकमध्ये सगळं वाचतो. ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट केल्याशिवाय त्या जात नाहीत.

लिब्रेऑफिसच्या पीडीएफ खिडकीत फोटोंची गुणवत्ता, शेरे, सगळं एका जागी मिळतं. तो प्रोग्राम मागच्या खेपेचे बरेच पर्याय लक्षातही ठेवतो. दुकानातलं मशीन तिघं वापरत असतील तर सकाळी दुसऱ्यानं कुठल्याशा पोर्टलसाठी फोटो दाबले आणि दुपारी तुमची स्मरणिका अंधुक निघाली असं होतं. खिडकी दर वेळी वाचा. तिथंच "हायब्रिड पीडीएफ" ही खूण आहे. ती केली तर पीडीएफच्या पोटात मूळ फाइलही जाते आणि लिब्रेऑफिसमध्ये पुन्हा उघडून बदलता येते. सोसायटीच्या सचिवांसारख्या, मूळ फाइल हमखास हरवणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ही सोय मला फार आवडते.

"प्रिंट टू पीडीएफ" वापरून केलेली पीडीएफ दिसायला तशीच असते, पण ती कागदाची नक्कल आहे. दुवे आणि बाजूची प्रकरणयादी त्यात सहसा राहत नाही.

पायरी ७ : साधा मजकूर आणि याद्या

टीएक्सटी फाइल म्हणजे अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेला माणूस. फॉन्ट, रंग, समास, टेबलाच्या रेघा, सगळं मागं. नोटपॅडमध्ये तुम्ही निवडलेला फॉन्ट किंवा ओळ मोडायचं सेटिंग फक्त तुमच्या नोटपॅडचं आहे. एकच गोष्ट बघायची, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कोणत्या पद्धतीनं साठतात ते. यूटीएफ-८ असेल तर मराठी टिकते. एएनएसआय असेल तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि ती फाइल बंद करून टाकली की प्रश्नचिन्हांतून मराठी परत येत नाही. विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ धरतो. त्याआधीची मशीनं आपल्या तालुक्यांत अजून धावतात, म्हणून नजर टाकाच. वर्डमधून साधा मजकूर काढताना खिडकी उघडते, तिथं "अदर एन्कोडिंग" मधून यूटीएफ-८ निवडा.

एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साध्या मजकुराची यादी, काढणाऱ्यांनी मात्र इथं थांबून वाचावं. पीकविम्याची असो की अनुदानाची, शेतकऱ्यांची यादी सीएसव्ही मागतात. साधी "सीएसव्ही" निवडली तर नावांची प्रश्नचिन्हं होतात. "सीएसव्ही यूटीएफ-८" निवडायची. त्याहून घातक भानगड आकड्यांची. सीएसव्हीत एक्सेल जे दिसतं तेच लिहितो. बारा आकडी आधार क्रमांक साध्या खान्यात टाकला की तो १.२३ ई ११ अशा थाटात आखडून दिसतो, आणि सीएसव्हीत तसाच जातो. बाकीचे आकडे गेले ते गेले. सोळा आकडी खातेक्रमांक असेल तर एक्सेल पंधराच आकडे खरे धरतो, शेवटचा शून्य करतो. उपाय टाइप करण्याआधीचा आहे: सगळा रकाना निवडा, फॉरमॅट टेक्स्ट करा, मग आकडे भरा. तयार सीएसव्ही तपासायला दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका, तो पुन्हा आकडे आखडतो. नोटपॅडमध्ये उघडून वाचा.

पायरी ८ : जे न सांगता जातं

फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये शीर्षक आणि लेखकाचं नाव साठतं. आपण जुनी फाइल उघडून, मजकूर खोडून, नव्या नावानं साठवतो. नाव बदलतं, आतलं शीर्षक बदलत नाही. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या टॅबवर फाइलचं नाव न येता ते आतलं शीर्षक येतं. मी शेतरस्त्याच्या अर्जाची पीडीएफ एका साहेबांना पाठवली होती. वर टॅबवर "वास्तुशांती निमंत्रण". साहेबांनी अर्जदाराला विचारलं म्हणे, जेवण कधी आहे. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा अनेकांनी आपले लेटरहेड शोधून-बदलून घेतले. मजकुरात धाराशिव झालं आणि टॅबवर उस्मानाबाद राहिलं, कारण शोधा-बदला प्रॉपर्टीजपर्यंत पोचत नाही. फाइल, इन्फो, तिथं शीर्षक हातानं बदला. दुसऱ्याचं नाव लेखक म्हणून जात असेल तर तिथंच "इन्स्पेक्ट डॉक्युमेंट" चालवा.

पायरी ९ : पाठवण्याआधी दोन मिनिटं

ॲक्रोबॅट रीडरमध्ये पीडीएफ उघडा, कंट्रोल आणि डी दाबा, फॉन्टच्या कप्प्यात प्रत्येक नावापुढं "एम्बेडेड" लिहिलंय का बघा. झूम चारशे करून एखादी जोडाक्षरांची ओळ वाचा. "ज्ञ", "क्ष", "त्र", "ऱ्ह" आणि रफार असलेली ओळ निवडा, ती बरोबर असेल तर बाकीची सहसा बरोबर असते.

मग ती पीडीएफ स्वतःच्याच मोबाइलवर पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. दुकानाच्या मशीनवर सगळे फॉन्ट असल्यानं तिथं सगळंच सुंदर दिसतं. मोबाइलवर यातलं काही नसतं, म्हणून तिथं जे दिसेल तेच गिऱ्हाइकाला दिसणार.

पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी करून पुन्हा वापरता येईल असं गिऱ्हाइकाला कधी सांगू नका. युनिकोडमध्ये केलेली असली तरी कॉपी करताना वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटतात. मूळ डॉक्स त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये द्या, एक प्रत आपल्याकडं ठेवा, नावात तारीख टाका. पुढच्या जूनला तो परत येणारच आहे, आणि येताना म्हणणार आहे की फाइल तुमच्याकडंच होती.